चाचांच्या चाळीस गाड्या

ढाणकीला बदली झाली आणि खोली शोधत मी ज्या घरी पोचलो, त्या घराच्या मालकानं मला पहिला प्रश्न विचारला तो असा :

"तुमच्यापाशी चारचाकी हाये का?"

"नाही," मी म्हणालो. "मोटरसायकल आहे."

"घेनार हाये?"

"सध्या तरी नाही."

"मंग रहा."

पगार किती, आडनाव काय, बायको कधी येणार, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. पुढं पाच वर्षं मी त्या घराच्या माडीवर राहिलो. बायको यवतमाळला नोकरीत, मी इथं ज्युनिअर कॉलेजात. शनिवारी दुपारी यष्टी धरायची आणि सोमवारी सकाळी परत. मधले पाच दिवस माझं घर म्हणजे घरमालक चाचा आणि चाची. सारं गाव त्यांना चाचाच म्हणायचं. गेल्या वर्षी ते गेले तेव्हा माझी बदली राळेगावला झालेली होती. खबर कळून पोचेपर्यंत माती झाली होती.

उंच, किडकिडीत माणूस. पांढरी दाढी, उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना वण, आणि खांद्यावर कायम एक फडकं. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. त्यात फवारणीचे पंप आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त व्हायच्या. सोयाबीनवर अळी पडली की त्यांच्या दारात पंपांची रांग लागे. पण एखादा बोलेरोवाला चुकून आला, "चाचा, जरा आवाज ऐका ना," म्हणाला, तर ते मानही वर करायचे नाहीत.

"गाडी नाही करत."

"तुमी त कुवेतले गाड्याच करत होते म्हनतेत."

"होतो. आता नाही करत."

करत तर नव्हतेच, गाडीत बसतही नव्हते. मुलाचा निकाह पुसदला होता. वरात पाच गाड्यांमधून निघाली आणि नवरदेवाचा बाप यष्टीनं. यष्टी वाटेत पंक्चर झाली. तिकडं काझी, मुलीकडची माणसं, सगळे तासभर खोळंबून बसले. चाचा उतरले ते हातात पिशवी घेऊन चालत मांडवात आले आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाले, "सुरू करा."

असा माणूस, आणि त्याच्या बैठकीत काचेच्या कपाटात मोटारगाड्या उभ्या होत्या; मी असेपर्यंत त्या चाळीस झाल्या.

बोटाएवढ्या. ओतीव धातूच्या, रबरी चाकांच्या, खऱ्या गाडीची हुबेहूब लहान प्रत. सगळ्या जपानी आणि सगळ्या जुन्या. कोरोला, क्राऊन, सेलिका, स्कायलाईन, सिव्हिक, फेअरलेडी. ही नावं मी त्या कपाटापुढं उभा राहूनच शिकलो. ते कपाट खरं तर चाचीच्या काचसामानासाठी घेतलेलं. तिचा डिनर सेट तिथून निघून पलंगाखाली पोत्यात गेला होता आणि पाहुणे आले की त्या पोत्यावरून नवरा-बायकोत दोन शब्द व्हायचेच.

पहिल्याच दिवशी मी एक चूक केली. चहा पिता पिता म्हणालो, "छान आहेत. नातवंडांची खेळणी का?"

चाचांनी माझ्या हातातला कप घेतला. "चाय थंडी झाली," म्हणाले आणि आत निघून गेले. अर्ध्या तासानं चाची दुसरा कप घेऊन माडीवर आली आणि दारातूनच म्हणाली, "मास्तर, त्याले खेळनं नका म्हनू. बाकी काहीबी म्हना."

दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून आले की चाचा ते कपाट उघडायचे. जमिनीवर पांढरी चादर अंथरायचे आणि एकेक गाडी काढून ब्रशनं पुसायचे. मग प्रत्येकीची चाकं बोटानं थोडी थोडी फिरवायचे. "उभ्या उभ्या चाक बसून जाते," ते म्हणत. मला हात लावायची परवानगी मिळायला आठ महिने लागले. तीही साबणानं हात धुऊन आणि धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवून.

आता इंटरनेटवर अशा गाड्या सगळ्या मिळतात, पण चाचांनी सुरुवात केली तेव्हा विदर्भात कुणाला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. नागपूर, हैदराबाद, मुंबईच्या दुकानदारांना ते पोस्टकार्डं लिहायचे. एकेका गाडीसाठी चार-चार वर्षं थांबलेले होते. पाकीट आलं की ते पाठीमागून ब्लेडनं कापायचे, गाडी बाहेर काढायचे आणि ती चुकीच्या रंगाची निघाली तर दुसऱ्या दिवशी बांगड्यांच्या दुकानात जायचे. नेलपॉलिश घ्यायला. पासष्टीचा माणूस डाव्या अंगठ्याच्या नखावर लाल, किरमिजी, निळ्या रेघा ओढून उन्हात धरून पाहतोय आणि दुकानातल्या बाया पदरात हसतायत, हे मी स्वतः पाहिलंय. नमाजेआधी मग ते नख थिनरनं घासून घासून साफ करायचे. चाची म्हणायची, "आमच्या लग्नाले चाळीस वर्षं झाली, मले एक बाटली आनली नाही."

रंग कोणता हवा हे त्यांना पक्कं ठाऊक असे. "सेलिका हिरवी पायजे. बाटलीसारखी हिरवी." का, ते सांगत नसत. मला वाटायचं, हा त्यांचा छंदिष्टपणा.

माणसांबद्दलही ते गाड्यांच्याच भाषेत बोलत. आमचे प्राचार्य एकदा घरी येऊन गेले, तर चाचा म्हणाले, "चोक ओढल्याबिगर चालू नाही होत हा मानूस." आणि एकदा बायकोशी फोनवर कडाक्याचं भांडून मी खाली आलो, तेव्हा त्यांनी नुसता माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि मनगटावरचा वण पुढं केला. "गरम इंजनाचं झाकन उघडलं होतं. आज फोन नका करू परत."

एकदाच त्यांना मी गाडीजवळ पाहिलं. उन्हाळ्याचे दिवस, दुपारचे दोन. त्यांच्या दुकानासमोरच एक जीप बंद पडली. मागच्या बाकावर एक बाई आडवी, अंगाखाली गोधडी, सोबत तिची सासू. पोटुशी होती आणि उमरखेडला दवाखान्यात निघालेली. ड्रायव्हर पोरगेलासा, स्टार्टर मारून मारून घामानं निथळलेला. लोक म्हणाले, "चाचा, आता तरी पहा."

चाचा दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. खाली उतरले नाहीत. तिथूनच म्हणाले, "बॉनेट उघड. स्टार्टर मार. थांब. पुन्यांदा मार." डोळे मिटून ऐकलं. "डाव्या अंगाले डिझेलची नळी हाये, तिच्या जोडावर हात ठेव. ओली हाये का? ओली असन. हवा धरली तिनं. नट कस. कसला? आता वरचा स्क्रू ढिला कर अन् हातपंप मार... मार, मार... फेस संपला का सांग."

दहा मिनिटांत जीप सुरू झाली आणि धुरळा उडवत गेली. लोकांनी वाहवा केली. मी पायरीपाशी गेलो तर चाचा खाली बसले होते. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

"पोचते ना ते?" त्यांनी मला विचारलं.

"पोचेल ना. चालू झाली आता."

"चालू झाली म्हंजे पोचली नसते, मास्तर."

संध्याकाळी बाळंतीण सुखरूप असल्याचा निरोप आला, तोवर ते घरी गेले नाहीत, जेवलेही नाहीत.

कपाटातल्या तिसऱ्या फळीवर, उजव्या कोपऱ्यात एक जागा रिकामी होती. एका गाडीपुरती. नवी गाडी आली की बाकीच्या सरकवून जागा करायचे, पण त्या कोपऱ्यात कधी काही ठेवायचे नाहीत. पाचव्या वर्षी मी धीर करून विचारलं, "इथली कोणती राहिली, चाचा?"

"पिकअप," ते म्हणाले. "जुनी. पांढरी डॅटसन पिकअप." आणि काच लावून घेतली.

त्या दिवाळीत आम्ही नवराबायको नागपूरला गेलो होतो. एका मोठ्या दुकानात खेळण्यांच्या भागात आकड्यांना गाड्यांची पाकिटं लटकत होती आणि तिसऱ्याच आकड्याला ती होती. पांढरी डॅटसन पिकअप. मागं उघडा हौदा, पुढं गोल दिवे. मला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. चार-चार वर्षं वाट पाहणारा माणूस, त्याची शेवटची गाडी, आणि ती मला सापडावी! इतकी सहज मिळणारी गाडी त्यांना एवढी वर्षं कशी मिळाली नाही, हा विचार मात्र मनात आला नाही. तो यायला हवा होता.

सोमवारी येताच मी ती रंगीत कागदात बांधून त्यांच्यापुढं ठेवली. चाचीलाही बोलावलं. चाचांनी हसत हसत कागद सोडला. पाकीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उतरला, की मी आयुष्यात कुणाला काही भेट द्यायची तर आजही आधी तो चेहरा आठवतो. त्यांनी तो कागद पुन्हा होता तसा घड्यांवर घडी घालून गुंडाळला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुमी कायले आनली?"

बस, एवढंच. मग पाच आठवडे ते माझ्याशी बोलले नाहीत. जिन्यात भेट झाली तर भिंतीला लागून उभे राहायचे आणि मला वाट द्यायचे. चाचीला विचारलं तर तिनं डोळ्याला पदर लावला. "तुमची काही गलती नाही, मास्तर. सांगतीन तर तेच सांगतीन."

आणि एका सुट्टीच्या दिवशी दुपारी ते माडीवर आले. पाच वर्षांत पहिल्यांदा. खुर्चीवर बसले नाहीत, उंबऱ्याशी खाली बसले.

"ते आना," म्हणाले.

मी पाकीट दिलं. त्यांनी खिशातून ब्लेड काढलं, पाठीमागून कापलं, गाडी तळहातावर घेतली आणि बोलायला लागले. माझ्याकडं न पाहता, गाडीकडंही न पाहता.

"आमी दोघं भाऊ. अब्बा गेले तवा तो चार वर्साचा होता, मी अठराचा. त्याले मीच लहानाचा मोठा केला. दहावी झाला अन् मीच त्याले तिकडं कुवेतले बोलावून घेतलं, गॅरेजात. हुशार पोरगं. गाड्यांचं लय याड. जी गाडी गॅरेजात येईन, तिचं नाव वहीत लिहाचा. म्हने, भाई, ह्या सगळ्यांचे पिल्लं घेईन अन् घरी नेऊन मांडीन. पयल्या पगारात तीन घेतले."

मग लढाई झाली. कुवेतमध्ये इराकची फौज घुसली, गॅरेजचा मालक पळाला, लोक मिळेल त्या गाडीनं वाळवंटातून जॉर्डनकडं निघाले. गॅरेजची एक जुनी पिकअप होती, पांढरी. चाचा, त्यांचा भाऊ आणि आणखी पाचजण त्यात बसले.

"वॉटर पंपाचा आवाज येत होता, मास्तर. सुटाच्या पंधरा दिवस आधीपासून. बेअरिंग गेलं होतं. मले आयकू येत होतं. मी म्हटलं, खोलतो पुढल्या जुम्म्याले."

इराकच्या वाळवंटात, जॉर्डनची सरहद्द अजून लांब असताना, पंप बसला. ऑगस्टचं ऊन. रेडिएटरचं झाकण उघडताना हात भाजला तो तेव्हाच. दोन तासांनी एक ट्रक थांबला. त्यात सगळ्यांना जागा होती.

"सगळ्यांले होती," चाचा म्हणाले. "सगळे म्हने, सोडून दे गाडी. मी म्हटलं, गाडी कशी सोडाची? औजारं हायेत, सामान हाये, आठ वर्साची कमाई हाये. मी भावाले म्हटलं, तू बस गाडीपाशी. मी समोरच्या गावातून पंप घेऊन येतो. त्यानं नाही म्हटलं असतं त मी आयकलं असतं. तो नाही म्हनालाच नाही. बापाचं आयकते तसं आयकलं त्यानं. हात हालवला मले."

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचा एक जुना पंप मिळवून परतले. पिकअप तिथंच होती. दार उघडं. औजारं जागच्या जागी, सामान जागच्या जागी. पाण्याचा डबा नव्हता आणि भाऊ नव्हता. सीटवर त्याची पिशवी होती. तिच्यात तीन गाड्या आणि वही.

"मी तिथंच पंप बसवला," चाचा म्हणाले. "मंग काय करू? बसवला. चाबी फिरवली. पयल्या झटक्यात चालू झाली."

खाली चाची भांडी घासायची थांबली होती.

दोन दिवस ते त्या रस्त्यावर पिकअप मागं-पुढं फिरवत, हाका मारत राहिले. मग सरहद्दीवरच्या छावणीत सतरा दिवस. येणाऱ्या प्रत्येक बसच्या दाराशी उभे. शेवटी त्यांना विमानात बसवलं. पिकअपची चावी तिच्यातच सोडून आले. घरी आले तेव्हा आई ओट्यावर होती. तिनं त्यांच्या पाठीमागं पाहिलं आणि विचारलं, "तो कुठं राह्यला?"

"त्या दिसापासून मी गाडीले हात लावला नाही," चाचा म्हणाले.

त्यांनी खिशातून वही काढली. मधलं एक पान. दहावी झालेल्या पोराचं वाकडंतिकडं मराठी अक्षर. एकाखाली एक गाड्यांची नावं आणि पुढं रंग. 'सेलिका – बाटलीसारखी हिरवी.' एक्केचाळीस ओळी. चाळीस ओळींपुढं चाचांच्या हातची खूण होती. एक्केचाळिसावी ओळ होती : 'आपली पिकअप – पांढरी.'

"एक राह्यली होती," ते म्हणाले. "ते मले कधीचीच भेटत होती, मास्तर. हरेक दुकानात. मी घेत नव्हतो. एक राह्यली हाये तोपर्यंत त्याचं काम बाकी हाये ना. काम बाकी हाये त मानूस येऊ शकते."

"मी परत नेतो, चाचा. दुकानात परत देतो."

"नाही," ते म्हणाले. "आली ते आली आता." आणि माझ्याच टेबलावरचा पेन घेऊन त्यांनी शेवटच्या ओळीपुढं खूण केली. ती खूण ओळीवरच उमटली.

चाची त्यांना कैक वर्षांपासून एकच गोष्ट म्हणत होती. त्या लेकरासाठी घरात एकदा कुरआनख्वानी करू, चार माणसं बसवून कुरआन वाचून घेऊ. आपण दोघं गेलो की त्याच्यासाठी हात उचलणारं कोण राहील? चाचा उसळायचे. मगफिरतची दुआ मेलेल्यासाठी मागतात; जित्या माणसासाठी कुणी मागतं का? आईनंही मागू दिली नव्हती. ती नऊ वर्षं जगली आणि नऊ वर्षं तिनं त्याच्या वाटणीची भाकर झाकून ठेवली.

त्या दुपारी चाचा जिना उतरले आणि खालून त्यांचा आवाज आला. चाचीला म्हणत होते, "येत्या इतवारी ठेव. मास्तरलेबी थांबाले सांग."

त्या रविवारी मी यवतमाळला गेलो नाही. बैठकीत चादरी अंथरल्या होत्या. कपाट भिंतीशी होतं तिथंच होतं. तिसरी फळी भरली होती. पुण्याहून मुलगा आला होता. आतल्या खोलीत बाया. मी डोक्याला रुमाल बांधून दाराशी बसलो. कुरआनचे सिपारे, म्हणजे सुटे भाग, वाटले गेले आणि माणसं डुलत, पुटपुटत वाचू लागली. कुणी धान्याचा व्यापारी, कुणी वेल्डिंगवाला, कुणी पोस्टमन. दाढ्या पांढऱ्या, काहींच्या मेंदीनं लाल, काहींच्या मांडीला नातवंडं लागून बसलेली. कुणी बोलावण्याची वाट पाहिलेली दिसत नव्हती. मुलगा माझ्या कानाशी म्हणाला, "हे सगळे काकाच्या वर्गातले आहेत."

वाचन संपलं. मौलाना नवे होते, दोन महिन्यांपूर्वीच गावात आलेले, वयानं तिशीचे. दुआ मागण्याआधी त्यांनी चाचांना मरहूमांचं, म्हणजे गेलेल्या माणसाचं, नाव विचारलं. चाचांनी सांगितलं. पाच वर्षांत मी ते नाव पहिल्यांदा ऐकलं. मौलानांनी समोरच्या पिकल्या दाढ्यांवरून नजर फिरवली आणि अदबीनं विचारलं, "बुजुर्गांची उमर किती होती?"

"एकोनीस," चाचा म्हणाले.

मौलानांनी मान खाली घातली आणि दुआसाठी हात उचलले. सगळ्यांनी उचलले. चाचांचे हात मात्र मांडीवरच होते. ते उचलायला पाहत होते, ते मला दिसत होतं, पण हात उठत नव्हते. तेव्हा शेजारी बसलेला तो धान्याचा व्यापारी, चाचांच्या भावाच्या वर्गातल्या बाकावरचा सोबती, त्यांच्याकडं सरकला. त्यानं चाचांची दोन्ही मनगटं धरली, सावकाश वर आणली, आणि दुआ संपेपर्यंत तशीच धरून ठेवली.